पाण्यावर उभं झाड

आधी नीट बसून घ्या. पाठ कशाला तरी टेकलेली असू द्या, हात मोकळे. वाचताना डोळे मिटता येत नाहीत, म्हणून एवढंच करा: एक परिच्छेद संपला की नजर कागदावरून उचला, श्वास सावकाश आत घ्या, सावकाश सोडा, आणि मगच पुढं जा. ज्याला भेटायला आपण निघालो आहोत ते कित्येक शतकं जागचं हललेलं नाही. आपल्याला उशीर होणार नाही.

नोव्हेंबरची सुरुवात आहे. दक्षिण आफ्रिकेच्या अगदी उत्तर टोकाला, लिम्पोपो प्रांतात, व्हेंडा लोकांच्या मुलखात आपण उभे आहोत. इथं उन्हाळा नुकता चढू लागलाय. गेल्या पावसाचा ओलावा जमिनीतून केव्हाच गेला आणि यंदाचा पाऊस अजून पोचलेला नाही. पायाखाली भाजलेली माती. दिवस कलला आहे. आणि समोर सगोलेचं ते बाओबाबचं झाड.

लगेच जवळ जाऊ नका. लांबूनच पाहा. उंची साधारण २२ मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढी. ती एवढी जाणवत नाही, कारण नजर रुंदीवरच अडते. खोडाचा घेर ३० मीटरांहून जास्त आहे. वीस माणसांनी हात पसरून कडं केलं तरी ते कदाचित अपुरं पडेल. वर गेल्यावर मात्र हे खोड एकदम आखडतं, आणि जाडजूड, वाकड्यातिकड्या फांद्या आभाळात घुसतात, एखाद्या झाडाची मुळं उपसून उलटी धरावीत तशा. ईश्वरानं रागाच्या भरात हे झाड उपटलं आणि डोकं खाली, पाय वर असं रोवलं, ही गोष्ट आफ्रिकेत अनेक ठिकाणी अनेक रूपांत सांगतात. मला ती ऐकताना नेहमी वाटतं, ही गोष्ट कोरड्या महिन्यांत सुचलेली आहे. बाओबाब वर्षातला बराच काळ निष्पर्ण असतो. भर पावसात, हिरव्या छत्रीखाली बसून कुणी त्याच्याकडे पाहिलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. झाडाची गोष्ट सांगणारा माणूस कोणत्या ऋतूत तिथं पोचला होता, ते त्या गोष्टीतच कळतं.

आता फांद्यांच्या टोकांकडे नजर न्या. सगळं झाड उघडं आहे, पण काही टोकांवर कोवळं हिरवं काहीतरी उमललंय. पाच-सहा पर्णिका, हाताच्या बोटांसारख्या एका जागेवरून फुटलेल्या. शास्त्रीय नावातला ‘डिजिटाटा’ हा शब्द या बोटांवरूनच आला. पाऊस पडलेला नाही, जमीन कोरडी ठणठणीत आहे, तरी ही पानं आली. कुठल्या पाण्यावर आली? हा प्रश्न मनात असू द्या. उत्तराची घाई नको.

चला, जवळ जाऊ. तळहात खोडावर ठेवा.

दिवसभराचं ऊन सालीत साठलेलं आहे, ते हाताला लागतं. साल करडी, कुठं तांबूस, कुठं चकचकीत. हत्तीच्या गुडघ्यापाशी असतात तशा वळ्या पडलेली. वडाच्या खोडासारखी ती खरबरीत नाही, मेणासारखी ओघळून थिजल्यासारखी वाटते. बोटं फिरवत राहा. माणसाच्या उंचीपर्यंत काही ठिकाणी जुने वण लागतील. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी या झाडांची साल सोलून तिच्या धाग्यांचे दोर वळले आहेत, चटया विणल्या आहेत. एरवी झाडाची साल सगळीकडून सोलली की झाड मरतं. बाओबाब सोललेल्या जागी नवी साल आणतं, कारण त्याचं सगळं खोडच जिवंत पेशींनी गच्च भरलेलं असतं. जखम भरते, वण राहतो. सालीचा वरचा पापुद्रा नखानं जरासा खरवडला तर खाली हिरवा थर दिसतो. पानं नसतात त्या महिन्यांत हा थर उन्हापासून थोडंफार अन्न बनवत राहतो. आपण खरवडायला नको. तो तिथं आहे एवढं ठाऊक असलं की हाताखालची करडी साल वेगळी वाटू लागते.

हात तसाच ठेवा, आणि मनानं आत जा.

आत गाभा असेल, सागासारखं टणक लाकूड असेल, असं वाटतं. तसं काही नाही. बाओबाबचं लाकूड इतकं मऊ असतं की त्यातून फळी निघत नाही. ओल्या खोडाच्या वजनापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. उरलेलं तंतू आणि पातळ भिंतींच्या पेशी. म्हणजे तुमच्या तळव्यामागं पाण्याचाच एक डोंगर उभा आहे. पर्जन्यमान थोडं, उन्हाळा लांब, आणि त्यात हे पाणी. कोणीही म्हणेल, झाडानं कोरड्या दिवसांसाठी बेगमी करून ठेवली आहे, आणि तहान लागली की ते त्यातूनच पीत असेल. संशोधकांनाही बराच काळ तसंच वाटत होतं.

पण तसं होत नाही. मादागास्करमधल्या बाओबाबांवरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. खोडातलं पाणी कोणत्या महिन्यात किती कमी होतं, पानांवरची रंध्रं केव्हा उघडतात, हे त्यासाठी मोजलं गेलं. असं दिसलं की पाऊस येण्याआधी झाड खोडातलं थोडं पाणी काढून नवी पालवी आणतं. मघाच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे: फांद्यांच्या टोकांची ती कोवळी बोटं खोडातल्या पाण्यावर आली. पण एकदा पानं आल्यावर झाड पुढं तो साठा उपसत नाही. पाऊस येईपर्यंत रंध्रं बहुतेक मिटूनच असतात. पानं तयार, भूक आहे, आत पाणीही मुबलक आहे, आणि झाड थांबून राहतं.

का थांबतं, हे समजायला स्वयंपाकघरात जाऊन येऊ. कोथिंबिरीची जुडी ओट्यावर दुपारभर राहिली तर मान टाकते. तीच पेल्यात पाणी घालून उभी केली की तासाभरात ताठ होते. जुडीत हाड नाही. तिला ताठ ठेवतं ते पेशींत भरलेलं पाणी. बाओबाबच्या लाकडाचंही बरंचसं असंच आहे. पेशींच्या भिंती पातळ, त्यांना फुगवून घट्ट ठेवणारं पाणी आत. ते फार उपसलं तर एवढ्या मऊ लाकडाचं इतकं उंच ओझं तोलायचं कुणी? म्हणून हे पाणी मुद्दल आहे. वर्षातून एकदा, पालवीपुरता त्याला हात लागतो, आणि पाऊस येताच ते भरून काढलं जातं.

इथं थोडं जास्त थांबा. तळव्याखाली जे ताठ, अचल, दगडासारखं वाटतंय ते पाणी आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. साठा म्हणजे पुढं वापरायची गोष्ट, असं मी धरून चालले होते. जवळ असलेलं काही आपण खर्च करत नाही याचं कारण दर वेळी काटकसर नसतं. कधी कधी आपण त्याच्यावरच उभे असतो.

हत्तींना हे पाणी ठाऊक आहे. दुष्काळात ते सुळ्यांनी साल फाडतात, आतले ओले तंतू ओढून चघळतात. काही झाडं त्यातून सावरतात, काही इतकी पोखरली जातात की एक दिवस बसतात. दक्षिण आफ्रिकेतल्या काही अभयारण्यांत म्हणून मोठ्या झाडांच्या बुंध्यांना तारेची जाळी गुंडाळलेली दिसते. हत्तीवर राग धरावा असं यात काही नाही. या झाडाची फळं खाऊन, कठीण कवचाच्या बिया पोटातून वाहून नेऊन दूर टाकणाराही हत्तीच आहे.

आता वर बघा. सूर्य टेकला आहे. पंखांची कुजबुज ऐकू येते आहे का? या झाडाच्या ढोलीत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. संध्याकाळी त्या थव्यानं झाडाभोवती घिरट्या घालतात आणि मग एकेक करत काळ्या फटीत शिरतात. व्हेंडा लोक या झाडाला ‘मुरी कुंगुलुवा’ म्हणतात, गर्जणारं झाड, कारण वारा सुटला की फांद्यांमधून तसा आवाज येतो. आज वारा नाही. पाकोळ्या आत गेल्या की सगळं शांत होईल.

त्या शांततेत फांदीवरून लांब देठानं लोंबणाऱ्या एखाद्या कळीवर नजर ठेवा. हिरवी, मखमली, लिंबाएवढी. अंधार पडता पडता तिची बाहेरची दलं सुटतात आणि मागं वळतात, इतक्या झटकन की डोळ्यांना हालचाल दिसावी. आतून पाच पांढऱ्याशुभ्र, चुरगळल्यासारख्या पाकळ्या बाहेर येतात, आणि मधोमध शेकडो पुंकेसरांचा गोंडा खाली लोंबू लागतो. तळहाताएवढं फूल. त्याला वास आहे, पण मोगऱ्यासारखा नाही. किंचित गंधकाचा, कुजकट. तो आपल्यासाठी नाही. पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेत या वासामागं फळं खाणारी मोठी वटवाघळं येतात, गोंड्याला बिलगून मध पितात आणि छातीवर पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे जातात. इथं दक्षिणेत मात्र रात्रीचे मोठे पतंग हे काम करताना आढळले आहेत. झाडाची जात तीच, फूल तेच, पाहुणे वेगळे. या फुलाला एकच रात्र मिळते. शेकडो वर्षं जगणारं झाड आपलं फूल एका रात्रीच्या भरवशावर उघडतं.

रात्र झाली आहे. बुंध्याला पाठ टेकून बसा.

या झाडाच्या पोकळीत माणसं फार पूर्वीपासून शिरत आली आहेत. १३५२ साली मालीच्या राज्यातून प्रवास करताना इब्न बतूतानं वाटेवरच्या अवाढव्य झाडांची नोंद केली. एका झाडाच्या पोटात एक विणकर माग मांडून विणत बसला होता. त्या झाडांचं वर्णन बाओबाबशी जुळतं. सुदानच्या कोर्दोफान भागात या झाडाला ‘तबल्दी’ म्हणतात. तिथं लोक खोड आतून कोरून पावसाळ्यात त्यात पाणी भरून ठेवत, विहीर नसलेल्या वाटांवर. मादागास्करच्या नैर्ऋत्येला अंपोताका गावाच्या आसपास आजही अशी कोरलेली झाडं पाण्याच्या टाक्या म्हणून वापरतात. सेनेगालमध्ये एके काळी गाणाऱ्या-कथेकऱ्यांना, म्हणजे ग्रिओंना, मृत्यूनंतर या झाडाच्या पोकळीत ठेवत. एकाच पोकळीत माग, पाणी आणि मृत गायक. एवढं सामावून घेणारी दुसरी जागा मला आठवत नाही.

ही पोकळी येते कुठून? दर वेळी लाकूड कुजूनच येते असं नाही. रुमानियातल्या क्लुजच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ एड्रियन पात्रुट यांनी २००५ पासून आफ्रिकेतल्या मोठ्या बाओबाबांचं रेडिओकार्बन पद्धतीनं वय काढायला घेतलं. या झाडांची वर्षवलयं धूसर असतात, मधलं लाकूड नाहीसं होतं, म्हणून वलयं मोजून वय ठरत नाही. पात्रुट यांनी पोकळीच्या आतल्या भिंतीतूनही लहान नमुने घेतले. त्यांना असं आढळलं की अनेक प्रचंड झाडं म्हणजे एक खोड नसून जवळजवळ उगवून जुळलेल्या अनेक खोडांचं वर्तुळ असतं, आणि त्यांच्या मधली रिकामी जागा मुळातच कधी भरलेली नव्हती. ज्याला आपण झाडाचं पोट समजतो ते काही वेळा झाडानं आपल्याभोवती घेतलेलं अंगण असतं.

वयाविषयी माणसांनी पूर्वीही अंदाज बांधले. फ्रेंच निसर्गअभ्यासक मिशेल आदान्सन १७४९ मध्ये सेनेगालला पोचला. डाकारजवळच्या बेटावर जुन्या खलाशांनी झाडांवर कोरलेली नावं त्यानं पाहिली, ती किती खोल गेली ते मोजलं, आणि झाडं पाच हजार वर्षांपलीकडची असावीत असं गणित केलं. त्याच्याच नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं या कुळाला ‘आदान्सोनिया’ म्हटलं. गणित चुकलं होतं, पण दिशा फारशी चुकीची नव्हती. झिम्बाब्वेतल्या ‘पांके’ नावाच्या पवित्र झाडाचं वय पात्रुट यांच्या मोजणीत सुमारे २४५० वर्षं निघालं. बुद्धाच्या काळाच्या आसपास ते रोप असेल.

‘पांके’ आता नाही. २०१० ते २०११ या काळात त्याची खोडं एकामागून एक फाटली आणि पडली. नामिबियातलं ‘ग्रूटबूम’ त्याआधीच, २००४ च्या सुमारास कोसळलं होतं. बोट्स्वानातलं चॅपमनचं झाड, ज्याची खूण धरून प्रवासी मिठागरांच्या वैराण प्रदेशातून वाट काढत, ते ७ जानेवारी २०१६ रोजी पडलं. पात्रुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लिहिलं की सर्वांत जुन्या १३ झाडांपैकी ९ आणि सर्वांत मोठ्या ६ पैकी ५ झाडं मागच्या बारा वर्षांत पूर्ण किंवा अंशतः मेली. कारण म्हणून वाढतं तापमान आणि अवर्षण यांच्याकडे त्यांनी बोट दाखवलं, आणि खात्रीसाठी आणखी अभ्यास हवा असंही स्पष्ट लिहिलं.

बाओबाब मरतं कसं, तेही शांतपणे पाहू या. वठलेला वड वर्षानुवर्षं सांगाड्यासारखा उभा राहू शकतो. बाओबाबला सांगाडाच नसतो. पाणी गेलं की लाकूड आतून ओल्या तंतूंचा चोथा होतं, झाड स्वतःवरच बसतं, आणि काही काळात तिथं भुशासारख्या धाग्यांचा ढिगारा उरतो. तोही वारा-पाऊस नेतो. म्हणूनच हे झाड मरत नाही, एक दिवस नाहीसं होतं, असं काही लोक मानत. ज्यावर उभं होतं ते पाणी निघून गेलं, एवढंच झालेलं असतं.

श्वास घ्या. झाड अजून पाठीशी आहे. ऊब अजून गेलेली नाही.

मराठीत आपण याला गोरखचिंच म्हणतो. गोरखनाथ या झाडाखाली बसून शिष्यांना शिकवत, अशी परंपरा आहे. चिंच म्हणण्याचं कारण फळातला आंबट, पांढरा, खडूसारखा कोरडा गर. आणि ज्या चिंचेचं नाव याला दिलं ती चिंचही मूळची आफ्रिकेचीच, ही गोष्ट मला फार आवडते. खरं नातं मात्र चिंचेशी नाही. ते सावरीशी, कापसाशी, जास्वंदीशी आणि भेंडीशी आहे. भेंडी चिरताना बोटांना येणारी बुळबुळ आठवा. नायजेरियात हौसा लोक या झाडाच्या सुकवलेल्या पानांची पूड घालून कालवण करतात, तेही तसंच बुळबुळीत होतं.

जगात याच्या आठ जाती आहेत. सहा फक्त मादागास्करच्या, एक आफ्रिका खंडाची, एक ऑस्ट्रेलियाच्या वायव्येची. मादागास्करमधल्या सर्वांत भव्य जातीला तिथं ‘रेनाला’ म्हणतात, वनाची आई. आठही जातींच्या जनुकसंचांवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचा निष्कर्ष असा की हे कूळ मादागास्करमध्येच घडलं. तिथून कोटीहून अधिक वर्षांपूर्वी ते समुद्राच्या प्रवाहांवरून दोन्ही खंडांना पोचलं. फळाचं कवच लाकडासारखं, आत हलका गर, ते तरंगतं. मनासमोर एक फळ आणा. हिंदी महासागर, आजूबाजूला काही नाही, आणि मखमली कवचाचं एक फळ लाटांवर वरखाली होतंय. ते कुठं निघालंय हे त्याला माहीत नाही.

आपल्या किनाऱ्यावर मात्र ते माणसाच्या हातून आलं. भारतातल्या गोरखचिंचांचा २०१५ मधला जनुकीय अभ्यास सांगतो की ही झाडं एकदाच आलेली नाहीत. वेगवेगळ्या काळी, आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून येत राहिली. व्यापारी आले, दख्खनच्या दरबारांत चाकरीला हबशी आले, पुढं पोर्तुगीज आले. म्हणून ही झाडं वसईच्या किल्ल्यापाशी सापडतात, विजापुरात सापडतात, मांडूला त्यांची फळं ‘खुरासानी इमली’ म्हणून रस्त्याकडेला विकतात. कर्नाटकात सावनूरला एका मठापाशी तीन प्रचंड झाडं उभी आहेत. तिथलं नाव ‘दोड्ड हुणसे’, म्हणजे थोरली चिंच. घर सोडून निघालेल्या कुणीतरी कधीतरी मूठभर बिया सोबत घेतल्या होत्या. आंबट गर खाऊन झाल्यावर चघळत राहायला असतील, किंवा नुसत्या आठवणीसाठी.

आता या बियांकडे या. तळहात उघडा, त्यात एक बी आहे असं समजा. वाटाण्याहून थोडी मोठी, वृक्कासारखी वळलेली, काळपट तपकिरी, कवच इतकं कठीण की ती जमिनीत बरीच वर्षं नुसती पडून राहू शकते. मोठी झाडं दिसतात, त्यांच्या सावलीच्या आसपास रोप मात्र सहसा दिसत नाही, ही या झाडाची आजची खरी काळजी आहे. रोपाची पानं साधी, एकपाती असतात. ती बोटं नंतर येतात. त्यामुळं हे लहानगं कोण आहे हे ओळखू येत नाही. गवताबरोबर निघून जातं, शेळी खाऊन टाकते.

तुमच्या गावात, शहरात गोरखचिंच असेल तर हिवाळ्यानंतर तिच्याखाली फळ मिळेल. दगडावर आपटून फोडा, गर चाखा, बिया धुऊन घ्या. संध्याकाळी एका कपात चार बिया टाका आणि उकळून किंचित निवालेलं पाणी वरून ओता. कवच मऊ व्हायला रात्र लागते. कप झाकून उशाशी ठेवा. पाणी हळूहळू निवत जाईल, ते आत कधी शिरेल ते दिसणार नाही.

दिवा मालवा. सकाळी बोटानं चाचपून पाहा, बी किती फुगली आहे.